हौदाचं वाक्य

"हा शब्द काय ओळीत बसंना."

पत्र्याच्या पलीकडून मल्लूचं पुटपुटणं ऐकू आलं आणि भाकरी थापता थापता माझा हात थांबला. आमच्या घराच्या पुढच्या खोलीत मधोमध पत्रा मारलेला होता. अलीकडे चूल, पलीकडे धाकट्या भावाचं दुकान, 'मल्लिनाथ आर्ट्स'. दुकानांच्या पाट्या, ट्रॅक्टरच्या मागच्या ओळी, लग्नाच्या कमानी, गावात जे जे अक्षर रंगवायचं असे ते त्याच्याकडे येई.

"कुठला शब्द?" मला ठाऊक होतं, तरी विचारलं.

"तुझा. मुलूखमैदान तोफ. आठ अक्षरं. तोफ खालच्या ओळीत घ्यावी तर एकटी पडतीय. बारीक काढावं तर लोक म्हणतील, आप्पांची तोफ बारीक झाली."

"खाली घे की. पडूदे एकटी."

"आणि वर नुसतं मुलूखमैदान? त्याला काय कुस्त्या लावायच्यात?"

मी हसले नाही. गेले पंधरा दिवस त्याच्या कुठल्याच बोलण्याला मला हसू येत नव्हतं.

आप्पा म्हणजे बसवंतराव बिराजदार. विजापूरच्या वाटेवरच्या आमच्या दुष्काळी गावांत त्यांचं नाव नुसतं कधी कुणी घेत नसे. पत्रकावर, फलकावर, माइकवरून, सगळीकडे 'मुलूखमैदान तोफ बसवंतराव बिराजदार'. कालव्याच्या पाण्यासाठी त्यांनी वीस वर्षं भाषणं केली. पाणी आलं नाही, पण भाषणं ऐकायला बैलगाड्या जुंपून माणसं यायची. आवाज असा की माइक बंद पडला तरी कुणाला कळत नसे. त्या वर्षी त्यांची एकसष्टी होती. रविवारी शाळेच्या मैदानात सत्कार, आणि सत्कारात मानपत्र.

मानपत्र मी लिहायचं ठरलं, कारण गावच्या वाचनालयाची मी ग्रंथपाल होते. ग्रंथपाल हा शब्द माझ्यापेक्षा मोठा होता. मी सातवी पास. सहा वर्षांत कपाटातली अकराशे पुस्तकं वाचून काढली होती, तीही खालच्या फळीपासून वर, कारण स्टूल मोडकं होतं. त्यामुळे मला शेती आणि पशुपालन आधी कळलं आणि कविता फार उशिरा.

वाचनालयाचे अध्यक्ष आप्पाच. सहा वर्षांपूर्वी त्यांनीच घरी येऊन किल्ल्या दिल्या होत्या. दारातच उभे राहिले, आत आले नाहीत. "नीला, पुस्तकं सांभाळ," एवढंच म्हणाले. त्यांच्या तोंडून मी ऐकलेलं ते सगळ्यांत लहान भाषण. आतल्या खोलीत मल्लू खाटेवर होता, मांडीपासून घोट्यापर्यंत प्लास्टर. आप्पांनी तिकडे पाहिलं नाही आणि मल्लूनं भिंतीकडे तोंड केलं होतं.

मल्लूच्या पायाला 'लागलं' होतं. गावात हाच शब्द चाले. तालुक्याच्या कचेरीवर मोर्चा गेला होता. आप्पा जीपच्या बॉनेटवर उभे राहून बोलले, की आज हे फाटक उघडलं नाही तर आपल्याला ते उघडता येतं. एकोणीस वर्षांचा मल्लू सगळ्यांच्या पुढे होता, हातात स्वतः रंगवलेला फलक. फाटक हललं, लाठ्या सुटल्या, मागची गर्दी पुढच्यांवर आली. त्याचा डावा गुडघा पुन्हा कधी वाकला नाही.

आणि आप्पा? आप्पा लाठ्या सुटायच्या आधीच निघाले होते. सोलापूरला, कलेक्टरना भेटायला. हे सगळ्या गावाला पाठ होतं. इतकं पाठ, की कुणी विचारलं नसतानाही माणसं ते सांगायची. मी एकदाच मल्लूला विचारलं होतं, "तू बघितलंस का रे त्यांना जाताना?"

"धूळ होती," तो म्हणाला.

पुन्हा मी विचारलं नाही. किल्ल्या कमरेला होत्या, घर चालत होतं. आणि एकसष्टीच्या त्या वर्षीच माझी नेमणूक कायम व्हायची होती. तसा नवा नियम आला होता; सहा वर्षं काम केलेल्यांना अध्यक्षांच्या शिफारशीवर कायम करायचं. अर्ज आप्पांच्या टेबलावर होता, सही पुढच्या महिन्यात. माझ्यासारख्या सातवी पास बाईला अशी संधी दुसऱ्यांदा येणार नव्हती. आई दोन वर्षांपूर्वी गेलेली, माझं लग्न राहून गेलेलं, मल्लूच्या पाट्या कधी असायच्या, कधी नसायच्या. ती सही म्हणजे आमच्या दोघांचं म्हातारपण होतं.

तेव्हा मानपत्र चांगलं लिहायलाच हवं होतं. मी अडकले त्या एका शब्दावर. मुलूखमैदान तोफ. सगळे म्हणतात, पण म्हणजे काय? मुलूख म्हणजे प्रदेश, मैदान म्हणजे मैदान, पण दोन्ही मिळून काय होतं? मला कुणी शिकवलेलं नसल्यामुळे न कळलेला शब्द तसाच पुढे ढकलायची सवय लागली नव्हती. शिकलेल्या माणसांना ती असते.

इतिहासाच्या एका बिनपुठ्ठ्याच्या पुस्तकात सापडलं. ती खरीच तोफ आहे, विजापूरच्या तटावर, आमच्या गावापासून एस.टी.नं दोन तासांवर. सोमवारी वाचनालय बंद असतं. गेले.

बुरुजाच्या पायऱ्या चढून वर आले तर ती तिथे पडलेली, हिरवट काळी, माणूस आत बसेल एवढ्या तोंडाची. तोंड सिंहाचं, आणि त्या सिंहाच्या जबड्यात दातांखाली एक हत्ती सापडलेला. मी हत्तीकडेच बघत राहिले. तिथे एक म्हातारा पेरू विकत बसला होता. पेरू घेतल्यावर तो आपण होऊन सांगायला लागला.

"मलिक-ए-मैदान हिचं नाव. मैदानाचा मालक. तुम्ही मराठी लोकांनी त्याचं मुलूखमैदान केलं. नगरला ओतली, तिथून इथं ओढत आणली. हात लावा. ऊन आहे ना? तरी गार लागतीय की नाही?"

लागत होती.

"आता टिचकी मारा."

मी मारली. आत खोल कुठेतरी घंटा वाजल्यासारखं झालं.

"आणि हा कशाला?" शेजारी दगडी हौद होता, कोरडा, पाचोळा भरलेला.

"गोलंदाजासाठी. बत्ती लावली की तो ह्यात उडी मारायचा, पाण्याखाली डोकं. नाहीतर आवाजानं कान फुटायचे त्याचे. असं सांगतात बाई, आम्ही काय बघायला नव्हतो."

परतीच्या गाडीत मी पेरू हातात धरून बसले होते. खाल्ला नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी वाचनालयात कुणी नसताना एका बैठकीत मानपत्र लिहिलं. शब्दाचा अर्थ, तोफेचा गारवा, घंटेसारखा नाद, सगळं आलं. आणि एक वाक्य आलं: 'ही तोफ डागणारा गोलंदाज बत्ती देताच शेजारच्या हौदात उडी घेई, असे सांगतात, तिच्या पुढे उभ्या असलेल्यांसाठी मात्र हौद नव्हता.' ऐकीव गोष्ट, शोभेसाठी लिहिली, असं मी स्वतःला सांगितलं. मग पेन्सिलीनं त्याच्यावर रेघ मारली. मग दुसरी.

समितीचे चौगुले सर, शाळेचे हेडमास्तर, कागद वाचायला आले. चष्मा कपाळावर ढकलून वाचत होते. खोडलेल्या जागेशी आले तशी त्यांची मान थांबली.

"हे खोडलंत ते बरं केलंत, नीलाबाई."

"हो ना?"

"म्हणजे, जरा लांबत होतं," ते म्हणाले आणि कागदाची घडी फार काळजीपूर्वक घालून त्यांनी माझ्या हातात दिली. "बाकी सुरेख. आप्पांना आवडेल. तुमचा अर्ज आहे ना त्यांच्याकडे?"

तोच कागद मी मल्लूला दिला. पुन्हा स्वच्छ लिहून द्यायला हवा होता. पण त्याला माझं अक्षर, माझी खाडाखोड, सगळं सवयीचं. सहा वर्षं वाचनालयाच्या सूचना तोच रंगवत होता. एवढं कारण पुरेसं आहे असं मला तेव्हा वाटलं. आता नक्की सांगता येत नाही.

तर शनिवारी त्या शब्दाचं ओळीत बसणं चाललं होतं, आणि मी भाकरी करत होते.

"मल्लू, खाडाखोड बघून लिहितोयस ना?"

"बघितली की."

"खोडलेलं सोडलंयस ना?"

पलीकडे ब्रश पाण्यात बुडवल्याचा आवाज आला. "आक्का, पेन्सिलीनं लिहून पेन्सिलीनंच खोडलं तर खालचं वाचता येतं गं."

"वाचता येतं. पण लिहायचं नसतं."

"तू शाईनं का नाही खोडलंस?"

मी उठून पलीकडे गेले. त्यानं कागदावर वर्तमानपत्र टाकलं. "ओलं आहे. पीठ पडेल तुझ्या हाताचं."

"मला बघू दे."

"मानपत्र आधी बघत नसतात. चौगुले सरांनी सांगितलंय, सरळ काचवाल्याकडे जाऊ दे." आणि मग, ब्रशचे केस बोटांनी सारखे करत, "उद्या मी पण येणार आहे."

सहा वर्षांत मल्लू एकाही सभेला गेला नव्हता. आप्पांची जीप रस्त्यावर दिसली तर तो सायकल वळवायचा; एक पाय ताठ ठेवून, एकाच पायानं पॅडल मारत.

"तू कशाला?"

"का? माझं अक्षर आहे. कसं दिसतं ते बघायला नको?"

"मल्लू, माझी सही व्हायचीय रे."

तो माझ्याकडे बघत राहिला. रागानं नाही, रागानं बघितलं असतं तर मला सोपं गेलं असतं.

"मला माहितीय. तुझी सही, माझा पाय. दोन्ही एकाच माणसाकडे," तो म्हणाला. "भाकरी करपतीय."

रविवारी साडेतीनलाच मी मैदानावर गेले. सतरंज्या अंथरत होते. व्यासपीठावर टेबल, टेबलावर नारळ, शाल, फेटा, आणि मागे खुर्चीवर वर्तमानपत्रात गुंडाळलेली चौकट, वर सुतळी. मी चौगुले सरांना गाठलं.

"सर, एकदा उघडून बघते. शुद्धलेखन."

"तुमचं शुद्धलेखन आणि मल्लिनाथचं अक्षर. बघायचं काय त्यात?"

"काही राहिलं असलं तर..."

"पाहुण्यांच्या हस्ते उघडायचं, बाई. पद्धत आहे." मग त्यांनी माझा चेहरा पाहिला. "का? काही जास्त झालंय का?"

राहिलंय का असं त्यांनी विचारलं नाही. जास्त झालंय का, असं विचारलं. आम्ही दोघं एकमेकांकडे बघत राहिलो आणि मग दोघंही नारळाकडे बघायला लागलो.

"नाही," मी म्हणाले. "नाही, सर."

मी ठरवलं, वाक्य आलंच तर गाळायचं. वाचताना एक ओळ गाळली तर कुणाला कळतंय? पण मग लक्षात आलं की चौकट आप्पांच्या बैठकीत लागेल, दारासमोरच्या भिंतीवर. रोज येणारा-जाणारा वाचेल. पुढच्या महिन्यात आप्पा माझ्या अर्जावर सही करायला त्याच भिंतीखाली बसतील.

पाचला आप्पा आले. सहा वर्षांत केस पिकले होते, पण चाल तीच. माणसं उठून उभी राहिली. मी व्यासपीठाच्या कडेला उभी राहून मल्लूला शोधत होते. दिसला. सगळ्यांत मागे, फाटकाशी, सायकलच्या दांड्यावर टेकून. त्याला सतरंजीवर बसता येत नसे. बसलेल्या दोन हजार माणसांमागे तो एकटा उभा होता, त्यामुळे व्यासपीठावरून सगळ्यांत आधी तोच दिसायचा. हे त्याला कळत होतं की नाही, देव जाणे.

भाषणं झाली. प्रत्येक वक्त्यानं 'मुलूखमैदान तोफ' म्हटलं आणि प्रत्येक वेळी टाळ्या पडल्या. फेटा झाला, शाल झाली. मग पाहुण्यांनी सुतळी सोडली, वर्तमानपत्र काढलं आणि चौकट माझ्या हातात आली. आमच्याकडे मानपत्र लिहिणाऱ्यानं ते दोन्ही हातांत धरून, सत्कारमूर्तीच्या शेजारी उभं राहून वाचायचं असतं. आप्पा माझ्या उजव्या हाताला आले. अत्तराचा आणि तंबाखूचा वास.

अक्षर सुंदर होतं. सोनेरी वेल, काळीभोर वळणं. मुलूखमैदान एका ओळीत आणि तोफ खाली, मधोमध, एकटी. मी खाली शोधलं. होतं. सातव्या ओळीत. बाकीच्या मजकुराइतकंच मोठं, त्याच शाईत, ना जाड ना बारीक. त्यानं काही ठळक केलं नव्हतं. फक्त गाळलं नव्हतं.

"वाच, नीला," आप्पा हळू म्हणाले.

वाचायला लागले. आवाज माझाच होता, पण लांबून येत होता. मलिक-ए-मैदान, मैदानाचा धनी. लोकांनी मान डोलावली. हे कुणालाच माहीत नव्हतं. उन्हातही गार राहणारी. टाळ्या. टिचकी मारली तर घंटेसारखी वाजणारी. टाळ्या. पुढची ओळ सातवी.

मी थांबले.

गाळायचं ठरलं होतं. डोळे आठव्या ओळीवर नेले, तोंड उघडलं, आणि समोर मल्लू दिसला. तो माझ्याकडे बघत नव्हता. सायकलचं हँडल धरून खाली, आपल्या चपलेकडे बघत होता. फाटकाशी वाट बघणारं जनावर जसं बघतं, तसं. मला वाटलं, मी आता आठवी ओळ वाचली तर हा काही बोलणार नाही. घरी येईल, जेवेल, उद्या ट्रॅक्टरच्या पाटीवर 'आईचा आशीर्वाद' रंगवेल. सहा वर्षांसारखंच.

तोंड उघडंच राहिलं. माइकची घरघर तेवढी ऐकू येत होती. कुणीतरी खोकलं. चौगुले सर अर्धे उठले.

"काय गं, अक्षर लागत नाही का?" आप्पा म्हणाले आणि त्यांनी खिशातून चष्मा काढला. माझ्या खांद्यावरून वाकून ओळीवर बोट ठेवलं. सहावीवर. मग बोट सातवीवर आलं.

ते बोट मला आजही दिसतं. ओळीच्या शेवटापर्यंत गेलं, पुन्हा सुरुवातीला आलं, पुन्हा गेलं.

ती चौकट आज आप्पांच्या बैठकीत नाही, माझ्या टेबलामागच्या भिंतीवर आहे. चौथ्या दिवशी त्यांनीच वाचनालयात आणून टांगली, स्वतःच्या हातानं, स्टुलावर चढून. स्टूल मोडकं आहे हे मी सांगेपर्यंत ते वर चढलेही होते. माझा अर्ज त्याच चौकटीच्या मागे खोचलेला होता, सहीनिशी. हे मी आधीच सांगून टाकते. कारण त्या क्षणी मला ते माहीत नव्हतं, आणि त्या क्षणी माझ्या डोक्यात एकच होतं: गेली किल्ली, गेलं सगळं.

"दे इकडे," आप्पा म्हणाले.

चौकट त्यांनी माझ्या हातातून घेतली. माइकपासून बाजूला झाले; त्यांना त्याची गरज नव्हतीच. आणि त्या आवाजात, ज्यानं फाटकं हलायची, त्यांनी सातवी ओळ वाचली. पहिल्या शब्दापासून शेवटच्यापर्यंत, अडखळत. 'पुढे उभ्या असलेल्यांसाठी' इथे थांबले आणि मग उरलेलं वाचलं. सवयीनं कुणीतरी टाळी वाजवली. एकच. ती मधेच राहिली.

"चौगुले," ते म्हणाले, "हे माझ्याविषयी लिहिलंय?"

"नाही, आप्पा. तोफेविषयी. इतिहासात तसं..."

"तुम्ही बसा."

सर बसले. आप्पांनी चौकट टेबलावर ठेवली, नारळाशेजारी. फेटा काढला, तोही ठेवला. चष्मा काढायचं विसरले. मग ते व्यासपीठाच्या अगदी कडेला गेले आणि दोन हजार माणसांच्या डोक्यांवरून थेट फाटकाकडे बघायला लागले. माणसं वळून वळून मागे बघू लागली. मल्लूनं मान वर केली. एका हातानं सायकल सावरून तो दुसरा हात मांडीवर दाबत होता, जसा थंडीत दाबतो.

"मल्लू," आप्पा म्हणाले. आवाज एवढा लहान, की पुढच्या रांगेतली माणसं कान देऊन वाकली. मी सहा वर्षांपूर्वी दारात ऐकला होता तसा.

"मी आधी निघालो नव्हतो. लाठ्या सुटल्या तेव्हा मी जीपमध्येच होतो," ते म्हणाले. "तू पडलेला मला दिसला होतास. फाटकापाशी, फलकाखाली. मला दिसलं, आणि मी ड्रायव्हरला म्हणालो, गाडी काढ."